शंभर वर्षांपूर्वीचं सोलापूर छापताय तर अख्खं छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शंभर वर्षांपूर्वीच्या बातम्यांचं जे सदर येतं ते मी नेमानं वाचते. सोन्याचा भाव, केसाच्या तेलाच्या आणि ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिराती, नाटक कंपन्यांचे मुक्काम, बालगंधर्वांना बघून बायकांची साडी नेसायची आणि केसात फुलं माळायची तऱ्हा कशी बदलली, सगळं वाचायला छान वाटतं आणि आमच्या घरात पेपर आला की आधी तेच पान उघडलं जातं. पण गेल्या रविवारी त्यात असं लिहिलंय की त्या दशकात महाराष्ट्राचं राजकारण फार सभ्य होतं, मतभेद होते पण मनभेद नव्हते, पेपरातली भाषा संयमाची असायची आणि आताच्या पुढाऱ्यांनी त्यातून काही शिकावं. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. पत्र मोठं होणार आहे, जागेसाठी कापायचं असेल तर कापा, पण सोलापूरचा भाग तेवढा कापू नका.

मी शाळेत इतिहास शिकवला आणि रिटायर झाल्यापासून जुने पेपर वाचायचा नाद लागलाय. आमचे आजोबा गिरणीत साचे चालवायचे, त्यामुळे त्या काळातलं गाव मी घरातनंच ऐकत आले, नंतर पुस्तकातून वाचलं आणि नंतर फाइलीतून, आणि या तिन्ही ठिकाणचं गाव एकमेकांशी जुळत नाही हे मला हळूहळू कळत गेलं. पेपरात जे गाव दिसतं ते ज्यांच्या हातात पेपर होता त्यांचं गाव आहे, बाकीचं गाव त्यात नाहीच, असलं तर पोलीस कोर्टाच्या बातमीत आहे. आपलं सदर वाचून माझा अंदाज असा की ते एकाच पत्राच्या फाइलीवरनं तयार होतंय. म्हणून ते गोड वाटतं.

आता १९२० सालच घ्या. त्या वर्षी २६ जानेवारीपासून १६ फेब्रुवारीपर्यंत सोलापूरच्या गिरण्यांतले जवळपास १६,००० कामगार संपावर होते. तीन आठवडे! गिरण्यांवर जगणाऱ्या गावात भोंगा वाजतोय आणि आत कोणी जात नाही, दुकानदार उधारी देईनासा झालाय, घरात पोरंबाळं आहेत, हे तीन आठवडे चाललं. कारण साधं होतं, पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर कापडाला मरणाची मागणी होती, गिरण्यांनी पैसा चांगला केला, धान्य महागलं आणि मजुरी काही त्या मानानं वाढली नाही. मुंबईत तर त्याच महिन्यात २ लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले होते. देशभर हे चालू होतं, त्यातूनच त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईत आयटक ही देशभरातल्या कामगार संघटनांची संघटना स्थापन झाली आणि लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष झाले. म्हणजे सोलापूरचा संप ही कुठली तरी गल्लीतली भानगड नव्हती, हिंदुस्थानच्या कामगार चळवळीच्या अगदी सुरुवातीच्या पानावरची गोष्ट होती. आपल्या सदरात त्याच्यावर एक ओळ आली नाही. त्या महिन्याचं नाटक आलं, संप नाही आला.

आणि गंमत म्हणून नाही, अगदी मनापासून सांगते, त्याच संपाच्या पहिल्या आठवड्यात, ३१ जानेवारी १९२० ला, मुंबईत बाबासाहेब आंबेडकरांच्या 'मूकनायक' पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपये दिले होते. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात शिकवायचे, सरकारी नोकरी, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं लागायचं. अंकाच्या माथ्यावर तुकोबांचा अभंग होता, "काय करूं आतां धरूनिया भीड । निःशंक हे तोंड वाजविले", आणि पुढची ओळ "नव्हे जगी कोणी मुकियांचा जाण । सार्थक लाजोन नव्हे हित". आता ज्या माणसाला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू देत नाहीत त्यानं आपल्या पेपराची सुरुवातच अशी करावी की आता भीड धरून चालणार नाही, आणि शंभर वर्षांनी आपण म्हणावं की त्या काळी सगळे कसे एकमेकांची भीड राखून बोलायचे, हे मला पटत नाही. भीड कोणी कोणाची राखायची हे ठरलेलं होतं. ज्यांनी राखायची त्यांनी ती एकदा सोडली की मग जे झालं ते काही सभ्य वगैरे नव्हतं.

पुण्यातला ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादच बघा. १९२५ मध्ये दिनकरराव जवळकरांनी लिहिलेलं आणि केशवराव जेधेंनी काढलेलं 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक बाहेर आलं, त्यात टिळक आणि चिपळूणकरांवर इतक्या जहाल भाषेत लिहिलं होतं की खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाल्या, आणि मग अपिलात बाबासाहेबांनी वकिली केली आणि आरोपी सुटले. प्रबोधनकार ठाकरे पुण्यात राहायला गेले तर विरोधकांनी त्यांच्या दारात मेलेलं गाढव आणून टाकलं. गणपतीत मेळे एकमेकांवर पदं रचून म्हणायचे आणि ती पदं काही आरतीच्या चालीची नसायची, त्यात घरच्या बायकांपर्यंत जायचे, मारामाऱ्या व्हायच्या. अच्युतराव कोल्हटकरांच्या 'संदेश' पत्रानं तर चटकदार लिहिण्याची वाटच पाडली होती आणि लोक ते चवीनं वाचायचे. मग मतभेद होते पण मनभेद नव्हते हे वाक्य येतं कुठनं? हे वाक्य आपण शोकसभेत बोलतो, इतिहास लिहिताना ते चालत नाही.

मी शिव्यांची बाजू घेत नाहीये. घरच्या बायकांवर पदं म्हणणं तेव्हाही वाईट होतं आणि आता मोबाईलवर जे चालतं तेही वाईटच आहे. मला एवढंच म्हणायचंय की त्या भांडणाचं कारण काय होतं ते सांगा, नुसती भाषा दाखवून किंवा लपवून काय होणार. भांडण होतं ते देवळात कोण जाणार, शाळेत कोण बसणार, कौन्सिलात कोणाला निवडून पाठवायचं, पाणी कोण भरणार याचं होतं.

पाण्यावरच येते. ४ ऑगस्ट १९२३ ला रावबहादूर बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडून मंजूर करून घेतला की सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, सगळे अस्पृश्यांना खुले असतील. ठराव झाला. महाडच्या नगरपालिकेनंही त्याला धरून आपलं तळं खुलं केल्याचं कागदावर आणलं. पण कागदावरचं पाणी पिता येत नाही म्हणून २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जावं लागलं, आणि पाणी प्यायल्याबद्दल मार खावा लागला, नंतर १०८ घागरी उपसून पंचगव्य घालून तळं शुद्ध करण्यात आलं. मग दावा, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ठरावापासून निकालापर्यंत १४ वर्ष. मुलांना शिकवताना मी हे एवढंच फळ्यावर लिहायची, वर तारीख १९२३ आणि खाली १९३७, मधे नुसती रेघ, आणि विचारायची की या मधल्या काळात माणसं पाणी कुठलं पीत असतील. वर्गात शांत व्हायचं.

आता सोलापूरचं ऐका, कारण हे आपल्या सदरात सगळ्यात आधी यायला पाहिजे होतं. १९२४ च्या जुलैमध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, आणि त्या सभेनं वसतिगृह काढलं ते मुंबईत नाही, पुण्यात नाही, आपल्या सोलापुरात, ४ जानेवारी १९२५ ला. हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांसाठी. राहणं, जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं, सगळा खर्च सभेचा. आणि सोलापूरच्या म्युनिसिपालटीनं त्या वसतिगृहाला महिना ४० रुपये मदत मंजूर केली. त्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिकही चालवलं.

हे वाचून मला पहिल्यांदा रडूच आलं होतं, का ते सांगते. पोरं कुठली असतील, बार्शी, माढा, करमाळा, अक्कलकोट, मंगळवेढा या बाजूच्या गावकुसाबाहेरची, ज्यांना गावच्या शाळेत व्हरांड्यात बसवलं असेल, ती पोरं सोलापुरात येऊन हायस्कुलात जातायत आणि संध्याकाळी येऊन मासिक काढतायत. मासिक! म्हणजे त्यांनाही तेच कळलं होतं जे मूकनायकवाल्यांना कळलं होतं, आपलं कोणी छापणार नाही, आपणच लिहायचं. आणि ज्या म्युनिसिपालटीला आपण ऊठसूट नावं ठेवतो तिनं शंभर वर्षांपूर्वी ४० रुपये दिले, कोणीतरी सभासदानं ते सुचवलं असेल, कोणीतरी विरोधही केला असेल, मत झालं असेल. सभेचं इतिवृत्त असतंच की, प्रोसिडिंग बुकं कुठंतरी असणार. ते शोधून छापलं तर ती खरी शंभर वर्षांपूर्वीची बातमी. राजकारणातली सभ्यताच दाखवायची असेल तर ही दाखवा, ज्यानं त्या ४० रुपयांसाठी हात वर केला त्याची.

सदरात न आलेली दुसरी गोष्ट म्हणजे सेटलमेंट. आज सोलापुरात रिक्षावाल्याला सेटलमेंट म्हटलं की तो नेऊन सोडतो, नव्या पोरांना वाटतं हे कॉलनीचं नाव आहे. तिथं तारेचं कुंपण होतं हे किती जणांना माहिती आहे? पारधी, कैकाडी, टकारी, मांग-गारुडी, कंजारभाट अशा जमातींना सरकारनं कायद्यानंच गुन्हेगार ठरवून अशा कुंपणात ठेवलं होतं, १९२४ मध्ये तो कायदा नव्यानं सगळ्या देशासाठी एकत्र केला. जन्माला आलेलं पोर म्हणजे गुन्हेगार. रोजची हजेरी, बाहेर जायला पास, आणि कामाला गिरणीत. आमची आजी सांगायची, सेटलमेंटातल्या बाया गिरणीत तिच्या बरोबरीनं काम करायच्या आणि सुट्टी झाली की बाकीच्या बाया दारात बोलत उभ्या राहायच्या, या मात्र पदर खोचून पळत सुटायच्या, कारण हजेरीला उशीर झाला तर शिक्षा. एकदा आजीनं एकीला शेंगा खा म्हणून थांबवलं तर ती म्हणाली मुठीत दे, पळता पळता खाते. आजी नव्वदीपर्यंत ही गोष्ट सांगायची, प्रत्येक वेळी मुठीचा हात करून दाखवायची.

त्या काळच्या पत्रात मला या लोकांच्या बातम्या सापडल्या त्या चोरीच्या. जातीचं नाव आधी, माणसाचं नंतर, कधी कधी माणसाचं नाव नाहीच. तारेविषयी, हजेरीविषयी मला काही दिसलं नाही. आणि खरं सांगू का, ही सवय अजून पुरती गेलेली नाही. आत्ताही आपल्याच पेपरात घरफोडीची बातमी आली की संशयित अमुक समाजाचे असं येतं, आरोप सिद्ध व्हायच्या आत. संपादक साहेब, हे थांबवा ना, याला काही खर्च नाही.

बायकांचं थोडक्यात सांगते कारण त्यावर वेगळं पत्र लिहायचंय. १९२१ मध्ये मुंबई कौन्सिलानं बायकांना मताचा हक्क दिला, अर्थात मालमत्तेची अट होती म्हणून फार थोड्या जणींना मिळाला. १९२९ मध्ये सारडा कायदा पास झाला, मुलीचं लग्नाचं वय १४ आणि मुलाचं १८, लागू १ एप्रिल १९३० पासून, आणि मधल्या काही महिन्यांत लोकांनी काय केलं तर घाईघाईनं लहान लहान मुलींची लग्नं उरकून घेतली, इतकी की १९३१ च्या शिरगणतीत लग्न झालेल्या लहान मुलींचा आकडा वाढलेला दिसला. ही त्या काळातली चालरीत. आणि याच काळात र. धों. कर्वे संततिनियमनावर उघड लिहीत होते, जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवत होते, नोकरी घालवून. बालगंधर्वांची साडी छापा, जरूर छापा, पण खरी साडी नेसणाऱ्या बाईचं वय किती होतं तेही छापा.

आता पेपरवाल्यांबद्दल, म्हणजे आपल्याच धंद्याबद्दल, बोलू द्या. १९१० च्या प्रेस ॲक्टमुळे कुठल्याही छापखान्याकडून सरकार जामीन मागायचं आणि तो जप्त करायचं. तो कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. मग १९३० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून पुन्हा फास आवळला. म्हणजे मधली आठ वर्षं जरा श्वास घ्यायला मिळाली, राजद्रोहाचं कलम होतंच, पण पेपर काढायच्या आधीच गळा धरणं कमी झालं, आणि बघा त्या आठ वर्षांत मराठीत किती पत्रं निघाली. खाडिलकरांचा 'नवाकाळ' १९२३ चा, 'बहिष्कृत भारत' १९२७ चा. 'प्रबोधन' १९२१ मध्येच निघालं होतं. खाडिलकर १९२९ मध्ये राजद्रोहात आत गेले. हे दशक रंगीत होतं ते सगळे गोड बोलत होते म्हणून नव्हे हो, ज्याला त्याला आपलं छापता येत होतं म्हणून.

आणि आपल्या गावात त्याचा शेवट कसा झाला? मे १९३० मध्ये गांधीजींना पकडल्याची बातमी आली, सोलापूर पेटलं, ८ मे ला गोळीबार झाला आणि १२ मे पासून मार्शल लॉ. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन. चौकात त्यांचे पुतळे आहेत, आपण रोज तिथनं गाडी वळवतो. त्या चौघांतले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. आमच्या गावचा एक पत्रकार फासावर गेलाय आणि ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो, बाळशास्त्री जांभेकरांना हार घालतो, घालायलाच पाहिजे, आणि लगेच सहा दिवसांनी हुतात्मा दिन येतो, तिथं पुढारी हार घालतात. या दोन दिवसांची गाठ घालून कुर्बान हुसेन यांचं नाव पत्रकार म्हणून घेतलेलं मी तरी आपल्या गावच्या कार्यक्रमात ऐकलेलं नाही. या जानेवारीत आपण ते करावं अशी माझी विनंती आहे. गझनफरचा एखादा अंक कोणाच्या घरी, उर्दू शाळेत, मशिदीच्या कपाटात, कुठं उरलाय का ते विचारणारं आवाहन आपल्या पेपरातून निघालं तर लोक शोधतील. सोलापूरचे लोक असल्या बाबतीत मागं राहत नाहीत.

यावरून मूळ मुद्द्यावर येते, फाइली. एका जुन्या वाचनालयात, नाव लिहीत नाही, मला विशीच्या दशकातल्या एका स्थानिक पत्राची बांधीव फाइल बघायला मिळाली. लाल कापडात गुंडाळलेली, गाठ सोडली तर कापडातच भुकटी. पान उलटायचं म्हणजे दोन्ही हातांनी खालनं आधार द्यायचा, तरी कोपरा तुटून टेबलावर पडायचा, बिस्किटासारखा. पहिलं पान अख्खं जाहिरातींचं, तेव्हा तीच पद्धत, बातम्या आत. कडेची अक्षरं झिजलेल्या खिळ्यांची, कुठं कुठं एखादा काना तुटलेला. मधली काही पानं कोणीतरी ब्लेडनं कापून नेलेली, सरळ रेषेत, बहुतेक कोणाच्या तरी पणजोबांचं नाव आलं असेल. आणि फाटलेल्या जागी कोणीतरी चांगल्या हेतूनं सेलोटेप लावलेली, ती पिवळी होऊन तिच्याखालचा मजकूर आता वाचताच येत नाही. पुढच्या वेळी गेले तर सांगितलं की ती फाइल आता देता येणार नाही, पाणी गळून भिजली. पलीकडच्या सालाच्या फाइली कुठं गेल्या विचारलं तर रद्दीत गेल्या असतील म्हणाले. मला त्या कर्मचाऱ्याचा राग नाही आला, एकटा माणूस सगळं वाचनालय सांभाळतो, पगार काय असेल देव जाणे. राग याचा आला की १८६७ मध्येच 'कल्पतरू' पत्र सुरू झालेल्या या गावाला आपल्या पेपरच्या फाइली नीट ठेवायला एक कोरडी खोली नाही.

पेपरचा कागद मुळातच टिकायसाठी केलेला नसतो. स्वस्त लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यात आम्ल तयार होतं, उजेड आणि उकाडा लागला की पिवळा पडतो आणि मग तुटतो. सोलापूरचा एप्रिल-मे आपल्याला माहिती आहे, पत्र्याखाली ठेवलेल्या कागदाचं काय होत असेल. म्हणजे आपल्याकडं वेळ नाही, अजून दहा-वीस उन्हाळे काढतील अशी खात्री देता येत नाही. स्कॅन करणं हाच मार्ग, आणि ते कागद दाबून काचेवर पालथा घालणाऱ्या झेरॉक्ससारख्या मशिनवर करायचं नाही, बांधणी मोडते, वरनं कॅमेऱ्यानं फोटो काढायचे, फाइल उघडी ठेवून खाली दोन्ही बाजूंना आधार देऊन. चांगल्या मोबाईलनंसुद्धा सुरुवात होते. लॅमिनेशन अजिबात नको, काही ठिकाणी प्रेमानं लॅमिनेट करून ठेवलंय, तो कागद कायमचा गेला. हक्काचा प्रश्न कोणी काढेल तर सही नसलेल्या बातम्यांना छापल्यापासून ६० वर्षांनी कॉपीराईट उरत नाही, हे सगळं केव्हाच खुलं झालंय.

आपल्या पेपराकडं फोटोग्राफर आहेत, वितरणाच्या गाड्या गावोगाव जातात, गावात विद्यापीठ आहे तिथं इतिहासाची आणि पत्रकारितेची पोरं आहेत ज्यांना प्रोजेक्ट पाहिजे असतो. तिघांनी मिळून एक वर्ष काढलं तर सोलापूर, बार्शी, पंढरपूर इथल्या वाचनालयांत आणि घरांत जे उरलंय ते वाचेल. मराठीच नाही, इथं कानडी आहे, तेलुगू आहे, उर्दू आहे, पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरांत पेट्यांमध्ये काय काय छापील पत्रकं पडली असतील, संपाची, समाजाच्या सभांची, लग्नातल्या हुंडाबंदीची, ती वाचणारी पिढी आता ऐंशीच्या पुढं गेलीय. ती माणसं आहेत तोवर त्यांच्याकडनं वाचून घ्या.

आणि सदर बंद करू नका हं, उलट वाढवा. फक्त एका पत्रातली बातमी देताना त्याच आठवड्यात दुसरीकडं काय छापलं गेलं ते शेजारी द्या. नाटकाच्या जाहिरातीशेजारी संप, कौन्सिलाच्या भाषणाशेजारी मूकनायकचा अग्रलेख, चोरीच्या बातमीशेजारी सेटलमेंटची हजेरी. ज्याचं कुणीच छापलं नाही त्याच्यासाठी कोर्टाची, म्युनिसिपालटीची, गिरणीची कागदपत्रं बघा, जागा रिकामी ठेवावी लागली तरी ठेवा आणि खाली लिहा की यांचं त्या दिवशी कुणी छापलं नाही. वाचकाला ते कळतं, वाचकाला कमी लेखू नका.

म्युनिसिपालटीच्या १९२५ च्या प्रोसिडिंग बुकांसाठी मी महापालिकेत रीतसर अर्ज केलाय, उत्तर आलं की आपल्याला कळवते. आपल्या पेपरचं पत्र सोबत असेल तर काम लवकर होईल असा अनुभव आहे, तेवढं एक पत्र द्यावं. मला देवनागरी टायपिंग येतं, मोडी थोडीफार वाचता येते आणि दुपारी मी मोकळी असते. स्कॅनिंगचं काम खरंच सुरू झालं तर पहिल्या टेबलावर माझी खुर्ची धरा.

आपली नम्र,
एक वाचक, साखर पेठ, सोलापूर
(नाव, पत्ता आणि फोन नंबर कार्यालयासाठी वेगळा जोडला आहे, छापू नये)